पत्राची पहिली ओळ

लिहून देणार मी, इस्त्रीवाली, वय एकाहत्तर, बोटीवरच्या तेलवाल्याची विधवा, राहणार धुलाईघरामागच्या गल्लीत, वरचा मजला. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. कोणी सांगितलं म्हणून नव्हे, तर मागे गैरसमज राहू नये म्हणून हे लिहिते. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. राहत्या दोन खोल्या आणि बँकेच्या पुस्तकात उरेल ते माझ्या भाचीला, म्हणजे नणंदेच्या मुलीला द्यावं. ती रविवारी घाईत येते, पण येते. अट एकच: दारावरची पितळी पाटी काढावी. 'जिच्या प्रश्नाने देश जागा झाला, ती येथे राहते' असं तिच्यावर कोरलं आहे. मी कोणाला जागं केलेलं नाही. स्क्रू गंजलेत, निघाले नाहीत तर दार बदलावं.

कलम २. सरकारने दिलेलं पदक सरकारला परत करावं. कारण नोंदवून ठेवते.

दोन परके देश लढत होते आणि आपण कोणाच्याच बाजूला नव्हतो. आमचे हे धान्याच्या बोटीवर इंजिनाला तेल द्यायचे. शेवटच्या फेरीला निघताना म्हणाले, "त्या पाण्यातून जाऊ नका, असं सरकारचंच पत्रक आहे. पण कंपनी म्हणते, लांबचा रस्ता परवडत नाही."

"मग नाही म्हणा."

"नाही म्हणणाऱ्याला पुढची फेरी मिळत नाही गं."

लढणाऱ्यांपैकी एका देशाच्या पाणबुडीने बोट बुडवली. मी पंतप्रधानांना पत्र लिहिलं. पहिली ओळ होती, 'माझ्या नवऱ्याच्या मरणाचा जाब कोण देणार?' दुसऱ्या ओळीत कंपनीचं नाव होतं. तिसरीत विचारलं होतं, पत्रक काढलंत तर बोट बंदरातून सोडली कोणी?

पंतप्रधानांनी भर सभागृहात पहिली ओळ वाचली आणि कागद घडी करून खिशात ठेवला. सगळे उभे राहिले. चौथ्या दिवशी आपण युद्धात उतरलो. माझा फोटो भिंतीभिंतीवर लागला, खाली ती ओळ.

मी वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले. संपादक म्हणाले, "बाई, पुढच्या ओळी आता छापल्या तर शत्रूचं फावेल." मी मुकाट्याने घरी येऊन इस्त्री तापवली. तिथे माझं चुकलं. दुसऱ्या कचेरीत जायला हवं होतं.

कलम ३. कंपनीने नाव बदललं आहे, पण ह्यांच्या तारखेला दरवर्षी फुलं पाठवते. माझ्या वेळी पाठवली तर खालूनच परत करावीत.

कलम ४. कपाटाच्या खालच्या खणात ते मूळ पत्र आहे. ते सार्वजनिक ग्रंथालयाला द्यावं, कोणालाही तिन्ही ओळी वाचता येतील असं. सभागृहाचे निवृत्त लघुलेखक सात वर्षांपूर्वी ते घेऊन आले; भाषणाच्या नोंदीसाठी ते त्यांच्याकडे दिलं होतं, ते परत कोणी मागितलं नाही. चहाला हात लावेनात. मीच विचारलं, "माझ्या ओळीमुळे झालं का हो सगळं?"

"बोट बुडायच्या तीन आठवडे आधी ठरलं होतं," ते म्हणाले. "लढणाऱ्यांतल्या एका बाजूला आपण इतकं धान्य, इतका कोळसा उधारीवर दिला होता, की ती हरली असती तर आपणही बुडालो असतो. शिवाय तहाच्या वेळी टेबलाशी खुर्ची हवी होती. हे सांगून कोणी बंदूक उचलत नाही."

"मग माझं पत्र?"

"फांदी आधीच करवतून ठेवली होती, बाई. बसायला कावळा हवा होता."

मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं एवढंच, की इतकी वर्षं युद्ध ओढवल्याच्या ज्या ओझ्यामुळे लोक जिन्यावर मला वाट देऊन भिंतीकडे तोंड करत होते, तेसुद्धा माझं नव्हतं. त्या संध्याकाळी हे सांगायला माणूस आठवेना.

कलम ५. इस्त्रीचं लांब टेबल आणि दोन्ही इस्त्र्या समोरच्या शिवणवालीला द्याव्यात. तिचा थोरला युद्धावर निघताना माझा फोटो घेऊन आला होता. म्हणाला, "काकू, सही करा ना. तुमच्यासाठीच चाललोय." तेव्हा बाकीचं पत्र मला तोंडपाठ होतं. मी सही केली. तो परतला नाही. त्यानंतर शिवणवाली माझ्याशी बोलली नाही, आणि हे तिला सांगायचं धैर्य मला झालं नाही.

खुलासा. ज्याला काही द्यायचं त्याची साक्ष घेऊ नये, असं वकील म्हणाले. एक साक्षीदार कमी पडत होता. आज सकाळी मी समोरचं दार वाजवलं. तिने माझ्या काठीकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे केली. कलम पाच मी तिला वाचून दाखवलं.

"त्याच्या सामानात आला होता तो फोटो," ती म्हणाली. "सही त्याने निघताना तुझ्याकडून घेतली, ते माहीत नव्हतं."

मग म्हणाली, "टेबल तुझ्या भाचीला दे. मी कुठे सही करू, दाखव."

म्हणून कलम पाचातली देणगी रद्द. टेबल व इस्त्र्या भाचीला. बाकी मजकूर तसाच ठेवावा.

ठिकाण: शिवणवालीचं घर, पुढची खोली
तारीख: नऊ, बुधवार, सकाळी अकरा

लिहून देणार: इस्त्रीवाली (सही)
साक्षीदार १: गल्लीतले डॉक्टर (सही)
साक्षीदार २: शिवणवाली, थोरल्याची आई (सही)