खिळ्यावरचे बिल्ले

३ मार्च
दुसऱ्याला मिळालेली खुर्ची आपलीच होती असं का वाटतं? बाकी सगळं छान आहे. घरातली पहिली पदवीधर, आता पहिली फौजी. बाबा माझी पेटी उचलून फाटकापर्यंत आले. रडारची खोली यंत्रांसाठी गार ठेवतात. ऊब फक्त ट्रान्समीटरच्या कपाटाशेजारच्या खुर्चीला. कपाटाचं दार उघडलं की वीज तुटते, म्हणून आमचे वरिष्ठ, उस्ताद, दाराच्या खटक्यात काडेपेटी खुपसतात आणि चालू यंत्र जुळवून घेतात. प्रशिक्षणात पहिली मी, पण खुर्ची छोटीची. सगळे तिला छोटीच म्हणतात; वयाने माझ्याहून लहान, इथे तीन वर्षं जुनी.

९ मार्च
सगळ्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यांचं काम माझ्याकडे आलं. ट्रान्समीटरचे घातक किरण लागले की ते काळे पडतात. महिन्याला तपासणीला पाठवायचे. पण कपाटाकडे जाताना सगळे ते बाहेरच्या खिळ्याला अडकवतात. काळा पडला तर खुर्ची जाते ना! म्हणून सगळे कोरे. मी नियम दाखवला. उस्ताद म्हणाले, "पदवीधर, इथे हात स्थिर लागतो, पाठांतर नाही." छोटी हसली. मला राग आला नाही, असं लिहिणार होते.

२८ मार्च
छोटीचा बिल्ला मी गुपचूप कपाटात ठेवला. कामाची एकच पाळी. जरासा डाग पडेल, तिला उठवतील, एवढंच.

१६ एप्रिल
छोटीचा बिल्ला तपासणीहून आला. नुसता डाग नाही, पूर्ण काळा. छोटीला कोठारात हलवलं. खुर्ची मला. घरी फोन केला.

१९ एप्रिल
एका पाळीत एवढा काळा कसा, म्हणून दवाखान्याच्या फायली चाळल्या. या खुर्चीवरचे आधीचे चौघे. दोघांना रक्ताचा कर्करोग. एकाच्या मानेत गाठी. चौथा वारला, वय एकतीस. डॉक्टर म्हणाले, योगायोगही असेल, पुरावा कुठाय, बिल्ले तर कायम कोरे.

२३ एप्रिल
छोटीच्या मानेला गाठ. म्हणते, उशी कडक आहे.
काळा बिल्ला आहे, पण कपाटात ठेवला मी. म्हणतील, हेव्यापायी केलेला बनाव. आणि होताच की —

२४ एप्रिल
तिला सगळं सांगायला गेले. तीच आधी बोलली, "ताई, खुर्ची ऊबदार आहे ना? मान कपाटाला टेकू नकोस फक्त."
"बरं" म्हणून न सांगताच परत आले.

२५ एप्रिल
केलं. माझा बिल्ला छातीवर, सकाळची अख्खी पाळी. दार उघडं, काडेपेटी जागेवर. उस्ताद ओरडले, मी उठले नाही. बिल्ला, फायलींच्या प्रती, माझा कबुलीजबाब — पाकीट वैद्यकीय मंडळाकडे पाठवून आले.
मान अजून गरम आहे. खरं लिहायचं तर, बसताना आधी मनात आली ती भीती नव्हती. वाटलं, ही खुर्ची शेवटी माझी —