सभागृहाच्या भिंतीवरचा उलटा माणूस

देवाचे नाव घेऊन आणि गावाचे पालक संत दोनातो यांना साक्ष ठेवून, मी नाल्दो, चोने सुताराचा मुलगा, वय वर्षे अडुसष्ट, धंदा चित्रकारी, राहणार मोन्तेरेल्लो, विहीरपेठ, माझ्यामागे काय कोणाचे ते सांगून ठेवतो. पाय सुजले आहेत, जिना चढवत नाही. वैद्य हल्ली माझ्याशी न बोलता माझ्या भाचीशी बोलतो, त्यावरून काय ते मी समजलो. पण डोके ठिकाणावर आहे. कोणी धमकावलेले नाही, कोणी भरीला घातलेले नाही, आणि सकाळपासून वाइनचा घोटही कोणी दिलेला नाही, याची मात्र तक्रार आहे. लिहून घेणार सेर फेओ, या नगराचे नोटरी. त्यांना बजावले आहे की इथे जे बोलले जाईल ते जसेच्या तसे उतरवायचे, त्यावर लॅटिनची झूल चढवायची नाही. हे भरसभेत वाचले जाणार आहे, आणि ते खाटकांनाही कळले पाहिजे.

कलम पहिले. माझा देह धाकटे बंधू म्हणवणाऱ्या भिक्षूंच्या मठात, माझी बायको बीचे हिच्या शेजारी पुरावा. भाड्याच्या रडणाऱ्या बायका आणू नयेत. बीचेच्या वेळी आणल्या होत्या. तिरडीपाशी रडता रडता त्या मेंढीच्या चीजच्या वाटणीवरून भांडल्या. बीचे असती तर पोट धरून हसली असती. माझ्यासाठी ज्याला खरेच रडू येईल त्याने रडावे, नाही आले तर घेवड्याचे सूप पिऊन घरी जावे.

कलम दुसरे. विहीरपेठेतले घर, वरची खोली, मागची तीन अंजिराची झाडे आणि ससे, हे सगळे माझी भाची पीना हिला. तिने माझे पाय चोळले, माझ्या शिव्या खाल्ल्या आणि उलट चार हासडल्याही. घर तिच्या एकटीच्या मालकीचे. तिचा नवरा घीनो याने त्यावर डोळा ठेवू नये. घीनोने माझ्या देवदूताला चारचौघांत बदक म्हटले होते. अंजिरे खावीत, हरकत नाही.

कलम तिसरे. कुंचले, रंग वाटायचा जांभळा दगड, परात, शिड्या आणि भिंत रंगवताना उभे राहायच्या पाडाचे वासे माझा जोडीदार चेन्नी याला. चेन्नीला तीस वर्षांत माणसाचा हात काढता आला नाही, म्हणून त्याचे सगळे संत हात बाहीत घालून उभे असतात. तरी माणूस सोन्यासारखा आहे. एक मोठी शिडी आणि चुन्याची बादली मात्र त्याला नाही. त्या पुढच्या कलमात आहेत.

कलम चौथे. माझी मोठी शिडी, चुन्याची बादली, विरवलेला चुना दोन घागरी आणि सफेदीचा जाडा कुंचला मी मोन्तेरेल्लो नगराला देतो.

इथे सेर फेओंनी लेखणी खाली ठेवली.

"उस्ताद, नगराला बादली? थट्टा करताय का?"

"फेओ, नगराला कोणी काही ठेवलं की मृत्युपत्र कुठे वाचतात?"

"भरसभेत. घंटा वाजवून, दारं उघडी ठेवून. तसा नियमच आहे."

"मग लिही बादली. सोन्याची असती तरी तेवढीच घंटा वाजली असती."

आता ऐका. सभागृहाच्या दक्षिण भिंतीवर, चौकाकडे तोंड करून, एक माणूस एका पायाने उलटा टांगलेला आहे. एकवीस वर्षांपूर्वी नगराच्या हुकुमाने तो मी रंगवला. खाली हातभर अक्षरांत लिहिले आहे: व्हान्नुच्यो रंगारी, फितूर, याने हद्दपारांसाठी वेस उघडली. ते चित्र भिंतीवर आहे तोवर व्हान्नुच्योच्या रक्ताच्या कोणालाही वेशीच्या आत राहता येत नाही, रंगाऱ्यांच्या संघात बसता येत नाही, आणि व्हान्नुच्यो मेला तरी त्याची हाडेसुद्धा आत येऊ शकत नाहीत. असा आमचा कायदा. आम्ही फार कायदे करतो. न्यायनिवाडा करणारा हाकीमही बाहेरगावाहून आणतो, तोही सहाच महिन्यांसाठी, कारण शेजाऱ्यावर आमचा काडीचा विश्वास नाही.

व्हान्नुच्योने वेस उघडली नव्हती. गावाने हाकललेले ते हद्दपार वेशीतून आत घुसले त्या रात्री तो माझ्या घरी तापाने फणफणत पडला होता आणि बीचे त्याच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत होती. त्याच्यावर आरोप केला गावातला बडा असामी मेस्सेर बिन्दो याने. ओढ्याकाठची व्हान्नुच्योची कापड रंगवायची रंगशाळा बिन्दोला हवी होती, कारण तिथे पाणी बारमाही. व्हान्नुच्यो हद्दपार झाला, रंगशाळा जप्त झाली, आणि पुढच्याच महिन्यात नगराकडून ती बिन्दोने घेतली. हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. सगळे गाव गप्प आहे.

मीही गप्प होतो, आणि हे मी कोणाला न विचारता, माझ्या तोंडाने सांगतो. सभेत कोण बसणार ते आम्ही दर दोन महिन्यांनी पिशवीतून चिठ्ठ्या काढून ठरवतो, आणि त्या खेपेला निघालेल्या नावांत माझेही होते. मी, एका सुताराचा पोर, लाल झगा घालून सत्तावीस जणांच्या सभेत बसलो होतो, आणि झग्याचा मला मोठा तोरा होता. मत दाण्यांनी द्यायचे: दोषी असेल तर काळा घेवडा, नसेल तर पांढरा. व्हान्नुच्यो माझ्या घरी होता, हे मी उठून सांगायला हवे होते. बिन्दो माझ्या शेजारी बसला होता. तो एवढेच म्हणाला, "नाल्दो, आजारी माणसाला घरात घेतलंस म्हणे? मग तूही त्याच्यातलाच का रे?"

माझी पाचावर धारण बसली. मी काळा दाणा टाकला.

मोजणी झाली. अठरा काळे, नऊ पांढरे. ठराव व्हायला अठराच लागतात. म्हणजे माझा एक दाणा पांढरा पडता तर व्हान्नुच्यो त्या रात्री स्वतःच्या घरी जेवला असता. घरी गेलो तर बीचेने विचारले, "काय झालं?" मी सांगितले. तिने माझ्यापुढचे ताट उचलले आणि सशांना घातले. त्यानंतर ती माझ्याशी अकरा दिवस बोलली नाही, आणि बोलली तेव्हा म्हणाली, "आता तुलाच रंगवायला सांगितलंय ना? मग तुझे हात तरी भित्रे आहेत का, बघू."

सेर फेओ म्हणतात, पाणी प्या. प्यायलो. पुढे लिहा.

माझे हात भित्रे नव्हते. भिंतीवर उलटा टांगलेला आहे तो व्हान्नुच्यो नाहीच. हात निळे आहेत, कारण रंगाऱ्याचे हात निळे असतात. पायजमा त्याचा, जोडे त्याचे. चेहरा मात्र मेस्सेर बिन्दोचा आहे.

"उस्ताद!" सेर फेओ इतक्या जोरात ओरडले की पीना जिन्यावरून धावत आली. "अहो, एकवीस वर्षं! मी रोज त्या भिंतीखालून जातो!"

"सगळेच जातात."

"बिन्दो स्वतः जातो! सणावाराला पाहुण्यांना घेऊन तिथे उभा राहतो, थुंकतो!"

"थुंकतो ना. मी बघतो खिडकीतून. नेम चांगला आहे त्याचा."

फेओ, तू शिकलेला आहेस, म्हणून तुला सांगतो. माणूस माणसाला सरळ ओळखतो. तोंड खाली आणि पाय वर केले की सख्ख्या आईलाही लेकरू ओळखू येत नाही. त्यातून खाली नाव लिहिलेले. नाव वाचता आले की चेहरा कोण बघतो? हे मला पहिल्याच दिवशी पाडावर कळले. मी खडूने बिन्दोचे नाक काढले, त्याची डाव्या भुवईतली खोक काढली, आणि खाली उतरलो. बिन्दो खाली उभाच होता. वर बघून म्हणाला, "हुबेहूब जमलाय हरामखोर!" मी म्हटले, "आपली कृपा, मेस्सेर."

दर चार वर्षांनी रंग उडतात आणि नगर मलाच ते ताजे करायला लावते. प्रत्येक वेळी मी त्याला बिन्दोच्या वयाचा करत आलो. टक्कल घातले. गालावरचा मस घातला. गेल्या वसंतात दुसरी हनुवटी चढवली. उलटी असल्यामुळे ती लोकांना गळ्याचा फास वाटते.

ज्याला शंका असेल त्याने भिंतीकडे पाठ करावी, पाय फाकवावेत, कमरेतून वाकावे आणि स्वतःच्या दोन पायांमधून वर बघावे. मेस्सेर लोकांना झगा आवरावा लागेल. माझे मृत्युपत्र वाचून झाल्यावर आख्ख्या सभेने चौकात जाऊन असे वाकावे, अशी माझी इच्छा आहे, आणि मेलेल्याची इच्छा मोडू नये म्हणतात.

आता बादली. कायद्याच्या चौसष्टाव्या कलमात लिहिले आहे, आणि ते सेर फेओंनी मला मागच्या आठवड्यात, कारण न विचारता, वाचून दाखवले: ज्या नागरिकाला शिक्षा झालेली नाही त्याची उलटी तसबीर नगराच्या भिंतीवर एक दिवसही राहू नये. आणि पुढे: एकदा सफेदी मारलेली तसबीर नवा खटला झाल्याशिवाय पुन्हा काढू नये. व्हान्नुच्यो चार वर्षांपूर्वी परमुलखात वारला. मेलेल्यावर खटला आमच्यात होत नाही. तेव्हा सभेपुढे दोनच वाटा आहेत. तसबीर ठेवायची, म्हणजे मेस्सेर बिन्दो ती भिंत पडेपर्यंत चौकात एका पायाने लटकत राहील, आणि आता पोरेटोरेही पायांतून बघतील. नाहीतर पुसायची, म्हणजे व्हान्नुच्यो सुटला. पुसा म्हणून सगळ्यात मोठ्याने कोण ओरडेल, ते मी सांगायला नको. शिडी, चुना, कुंचला माझ्याकडून. नगराला एका दमडीचा खर्च नाही.

कलम पाचवे. मठाच्या पेटीत ठेवलेली माझी शिल्लक व्हान्नुच्योची मुलगी जिलिया हिला. ती वेशीबाहेर कुंभारांच्या भट्टीपलीकडे झोपडीत राहते आणि शेतकऱ्यांच्या घोंगड्या रंगवून पोट भरते. बापाची हाडे तिने लाकडी पेटीतून पाच दिवस चालत आणली. वेशीवरच्या पहारेकऱ्याने पेटी उघडायला लावली आणि परत पाठवली. तेव्हापासून ती पेटी तिच्या खाटेखाली आहे. मी भेटायला गेलो तेव्हा तिने बसायला स्टूल दिले. मी म्हटले, "पोरी, तो अठरावा दाणा माझा होता." ती निळ्या हातांनी घोंगडी पिळत राहिली. मग म्हणाली, "ठाऊक आहे. बाबांना मोन्ना बीचेनं निरोप पाठवला होता. बाबा म्हणायचे, नाल्दो वाईट नाही, नाल्दो घाबरट आहे." याहून मोठी शिवी मला उभ्या जन्मात कोणी दिली नाही, आणि ती खोटी आहे असे मला म्हणता आले नाही.

तिने मला क्षमा करावी असे मी इथे लिहीत नाही. तिने आत यावे, दिवसाउजेडी, मोठ्या वेशीतून, पेटी घेऊन, आणि बापाला त्याच्या आईशेजारी पुरावे. मठाच्या घंटा वाजवायचे पैसे दिलेले आहेत.

कलम सहावे. मेस्सेर बिन्दो याला मी काही ठेवत नाही. त्याला भिंतीवर एकवीस वर्षे दिली, तेवढे पुष्कळ झाले. माझ्यावर बदनामीचा दावा करायचा तर खुशाल करावा. मला हुडकत कुठवर येतो ते बघू.

एवढे झाल्यावर सेर फेओ म्हणाले, "उस्ताद, एक सांगतो, रागावू नका. हे वाचलं की बिन्दोचे वकील पहिली गोष्ट हीच म्हणतील, की म्हातारा भ्रमिष्ट होता. शुद्धीवर होता याला पुरावा काय? मृत्युपत्रच उडवतील."

मी म्हटले, "मग मी सही करायच्या आधी सातही साक्षीदारांना घेऊन चौकात जा आणि वाका. तूही वाक. मी खिडकीतून बघतो. माझं डोकं ठिकाणावर असेल तर परत येऊन तसं लिही, नाहीतर कागद फाड."

येथून पुढे मी, सेर फेओ, नोटरी, माझ्या हाताने आणि माझ्या जबाबदारीवर लिहितो. दुपारच्या घंटेला आम्ही आठ जण सभागृहाच्या दक्षिण भिंतीखाली गेलो, भिंतीकडे पाठ केली, वाकलो आणि पाहिले. भुवईतली खोक आहे. मस आहे. हनुवट्या दोन आहेत. पेरुच्यो गवंडी हसता हसता फरशीवर बसला. बंधू लेओने याने आधी क्रूसाची खूण केली आणि मग आणखी एकदा वाकून पाहिले. अंद्रेआ कासार हसला नाही. तो त्या सभेत होता आणि त्यानेही काळा दाणा टाकला होता, असे त्याने तिथेच आम्हाला सांगितले, आणि हे लिहा म्हणाला, म्हणून लिहिले.

आम्ही वाकलेले असतानाच मेस्सेर बिन्दो चौकातून आले. विचारू लागले, "अरे, म्हातारपणी हे काय? काय हरवलं तुमचं?" त्यावर कासार उभा राहिला, झगा झटकला आणि त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ बघून म्हणाला, "काही नाही, मेस्सेर. सापडलं."

मृत्युपत्र करणारा पूर्ण शुद्धीवर आहे, याबद्दल आम्हा आठांपैकी कोणालाही शंका नाही.

सही: नाल्दो, चित्रकार, स्वतःच्या हाताने
साक्षीदार: पेरुच्यो, गवंडी (खूण), अंद्रेआ, कासार, बंधू लेओने व बंधू माफ्फेओ, मठवासी, चेन्नी, चित्रकार, दुच्यो, भटारी (खूण), व्हेन्तूरा, खोगीर शिवणारा
लिहिणार: सेर फेओ, नोटरी
स्थळ: मोन्तेरेल्लो, विहीरपेठ, नाल्दोच्या घराची वरची खोली, खिडकी उघडी
दिनांक: नऊ ऑक्टोबर, सन तेराशे अडतीस