उभ्या गाडीतले तेल

लातूर,
शुक्रवार, दि. १२ जुलै २००२

चि. विनीतास,
अनेक आशीर्वाद.

तुझे ४ तारखेचे पत्र आणि सोबतचा बंद लिफाफा मिळाला. इकडे सर्व ठीक. तुझ्या वहिनीच्या गुडघ्यास उतार आहे. तुझ्या वैष्णवीचा अभ्यास इथे नियमित चालू आहे.

तू दोन गोष्टी लिहिल्या आहेस. पहिलीचे उत्तर सोपे, म्हणून ते आधी देतो.

तुझी मारुती नवरात्रात माहूरला आणि उन्हाळ्यात लातूरला, एवढीच निघते. मग इंजिनचे तेल पाच हजार किलोमीटरनंतरच बदलायचे ना, असे तू विचारतेस. नाही. वर्षातून एकदा बदलायचे, मग गाडी पाचशे किलोमीटर चालो की पन्नास. तेही गाडी उभी करून ठेवण्याआधी. वापरलेले तेल महिनोन्महिने आत राहू देऊ नये. थंड इंजिनात दमट हवेचे पाणी सुटते. लांब पल्ल्यावर इंजिन तापले तर ते उडून जाते. कोपऱ्यापर्यंत जाऊन परतलीस तर तेलातच राहते. पुढे त्याचा चिखल होतो, जाळी बुजते आणि तेल वर चढत नाही. रोजच्या फेरीत हे कळत नाही. भरल्या गाडीने धाव घ्यावी लागते, तेव्हा कळते.

हे मला आपल्या निवृत्ती मेकॅनिकने सांगितले होते.

त्याचे नाव वाचून तू पत्र खाली ठेवशील. ठेवू नकोस. दुसरी गोष्ट तुझ्या लिफाफ्याची. तो मी वैष्णवीच्या क्लासच्या संचालकांना दिलेला नाही. 'ज्याच्या तेलाने माझा माणूस गेला, त्याच्या पोरीपुढे माझी पोर वही घेऊन बसणार नाही. पंचशीला मॅडमना काढा, नाहीतर पालकसभेत मी उभी राहते,' असे त्यात असल्याचे तू मला कळवले आहेस. तू उभी राहिलीस तर तिची नोकरी जाईल, यात मला शंका नाही.

आता जे घडले ते क्रमाने लिहितो.

जून १९९३. आपल्या फियाटचे तेल बदलून दोन वर्षे होत आली होती. गाडी चालली होती ११४० किलोमीटर. निवृत्ती म्हणाला, "साहेब, गाडी हुबी असली तरी तेल आत नासतं. बदलू या."
मी म्हणालो, "मीटर खोटे बोलत नाही, निवृत्ती. तुला तेल खपवायचे दिसते."
तो हसला. "मीटरला पानी कुठं दिसतंय, साहेब?"

त्याने इंजिनातले तेल मोजायच्या पट्टीला एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली: '५००० कि.मी. किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते.' मी 'किंवा १ वर्ष' तांबड्या शाईने खोडले आणि कार्यालयातल्या सवयीने शेजारी आद्याक्षरे घातली. तेल बदलू दिले नाही.

३० सप्टेंबरची, भूकंपाची सकाळ तुला सांगायला नको. किल्लारीकडून येताना मागच्या सीटवर वसंतरावांचे डोके तुझ्या मांडीवर होते. पायांचा चेंदा झालेला, तरी म्हणाले, "दादा, सावकाश घ्या, शाळेला आज सुट्टीच आहे." औशाच्या अलीकडे इंजिन जाम झाले. समोरून येणारी वाहने सगळी भरलेली, सगळी किल्लारीकडे जाणारी. एक तास पन्नास मिनिटे आपण रस्त्यावरच अडकलो. तू विचारलेस, "दादा, काय झालं गाडीला?" मी म्हणालो, "निवृत्तीने भेसळीचे तेल घातले असणार."

त्या क्षणी मला ठाऊक नव्हते, असे म्हणता येईल. पण महिन्याभरात दुसऱ्या मेकॅनिकने इंजिन उघडून चिखल दाखवला, तेव्हा ठाऊक झाले. तोवर तेराव्यानंतर तू गॅरेजसमोर चारचौघांत त्याला नाही नाही ते बोलली होतीस. मी तुझ्या मागे उभा होतो. तो तुझ्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता. "बाईचं दुःख मोठं हाय," एवढेच म्हणाला. गिऱ्हाईक तुटले, दिवाळीपूर्वी तो बिऱ्हाड घेऊन नांदेडला गेला. आज तुझ्याच गावात, वयाच्या साठीत, तो दुसऱ्याच्या गॅरेजात काम करतो. हे मला सहा वर्षांपासून माहीत आहे.

त्याची मुलगी नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअर झाली आणि इथे भौतिकशास्त्र शिकवते. वैष्णवीचे गुण एक्केचाळीसवरून अठ्ठ्याहत्तरवर आले. परवा जेवताना ती म्हणाली, "मामा, मॅडम उत्तरापुढं एकक नसलं तर वहीच परत करतात. अगदी तुमच्यासारख्या आहेत."

वेळेवर पोचलो असतो तर वसंतराव वाचले असते का, ते डॉक्टरांनी सांगितले नाही. मी विचारले नाही. ते विचारायला हवे होते.

तुझा लिफाफा न फोडता परत पाठवत आहे. सोबत ती चिठ्ठी आहे. औशाला गाडी ओढून नेली, त्याच दिवशी ती मी पट्टीवरून कापून घेतली होती. माझे अक्षर तू ओळखतेस.

रविवारी, २१ तारखेस सकाळच्या बसने नांदेडला येतो. आधी निवृत्तीच्या गॅरेजात जाईन आणि तिथल्या सर्वांसमोर हेच सांगेन. मग तुझ्या दाराशी येईन. दार उघडले नाहीस तरी वैष्णवीला त्या क्लासमधून काढू नकोस, एवढेच मागतो.

या वेळी आद्याक्षरे घालत नाही.

तुझा दादा,
सिद्धेश्वर वीरभद्र उमाटे