नववी अट

मिरज, ३ सप्टेंबर २००३

ती. विभाताईस,
लतिकाचा सा. न. वि. वि.

फोनवर मला रडू येतं, म्हणून लिहिते. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी माझे सगळे रिपोर्ट चांगले आहेत म्हणून सांगितलं. तुझी पिशवी काढल्याला पाच वर्षं झाली; आता तुमचं दोघांचं मूल माझ्या पोटात वाढणार म्हणून घरात सगळे खूश आहेत. मला मात्र बसवत नाही की उठवत नाही.

बाई म्हणाल्या, सख्ख्या बहिणी असलात तरी करार लिहून करा आणि तुझा वकील तू वेगळा बघ. मला पटलं. लॅबमधून बिनपगारी रजा घ्यावी लागेल. झोपून राहायला सांगितलं तर माझ्या लहानग्या पर्णिकाला सांभाळायला कुणीतरी ठेवावं लागेल. हे तुझ्याकडे तोंडानं मागणं मला जमायचं नाही. रागावलीस तरी उत्तर दे. दाजींना नमस्कार.

तुझीच धाकटी,
लतिका

शारजा, १४ सप्टेंबर

चि. सौ. लतिकास, अ. उ. आ.

रागावले, दोन दिवस. आपल्यात कसला करार? पण तुझे दाजी म्हणाले, साइटवरच्या माणसाशीही आपण कॉन्ट्रॅक्ट करतो, ती बरोबर बोलतेय. मग त्यांच्या रोल्ला भागातल्या ऑफिसात बसून मीच टाइप केलं. वीस हजार दिरहम, म्हणजे आपले अडीच लाख, चार हप्त्यांत. दवाखाना, औषधं, विमा आमच्याकडे.

नऊ नंबरचा क्लॉज वाचून दचकू नकोस. मूल पाच वर्षांचं होईपर्यंत तू त्याला भेटायचं नाहीस. सासूबाईंचा आग्रह आहे, माझं काही चालत नाही. नवरा म्हणून अंबादासरावांचीही सही घे आणि पाठव, म्हणजे खलास. जरा खात जा, काडी झालीयेस.

लोभ आहेच,
विभा

मिरज, २६ सप्टेंबर

ती. विभाताईस सा. न. वि. वि.

वकीलबाईंनी ओळ न् ओळ समजावली. गर्भ राहिलाच नाही तर काय, हे त्यात नाही. तेव्हाही माझा बुडालेला पगार मिळावा. जुळी झाली, सिझेरियन झालं, तर त्याचंही लिही. वेळ आलीच तर आधी मला वाचवायचं. आणि मी गेले तर रक्कम पर्णिकाच्या नावे. पैसे आधीच बँकेत वेगळे ठेवा, म्हणजे दर हप्त्याला मला फोन करावा लागणार नाही.

नऊ नंबरवर मी सही करणार नाही. वकीलबाई म्हणाल्या, त्याच्या बदल्यात रक्कम वाढवून मागता येईल. मी म्हटलं, मावशी असण्याचे किती मागू? अंबादास तर म्हणतात, राहू दे सगळंच.

ताई, मी तुझ्या सासूबाईंना फोन केला. त्यांना या अटीतलं काहीच माहीत नव्हतं. मग ही कुणाची अट? वीस ऑक्टोबरपासून गर्भ ठेवण्याआधीच्या गोळ्या सुरू करायच्यात. तुझं पत्र येईपर्यंत मी एकही घेणार नाही.

लतिका

शारजा, ७ ऑक्टोबर

चि. लतू,

अट माझीच. तुझ्या दाजींनाही परवा सांगितलं. ते जेवता जेवता उठून गेले.

मे महिन्यात तुमच्या अंगणात पर्णिका पडली. मी जवळ होते, हात पुढे केले, आणि ती मला चुकवून थेट तुझ्याकडे धावली. साधीच गोष्ट. पण तेव्हापासून वाटतं, माझं मूलही असंच तुझ्याकडे धावेल. दिवसभर फ्लॅटमध्ये एकटीच असते, हेच डोक्यात फिरतं. सासूबाईंवर ढकललं, खोटं बोलले. माफ कर.

नववा क्लॉज काढला. तू मागितलेलं सगळं घातलं, आम्ही दोघांनी सह्या केल्या, पैसे बँकेत ठेवले. तुला आता नको असेल तर नाही म्हण. पत्र मात्र लिहीत राहा.

तुझी ताई

मिरज, १६ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

सही केली. अंबादासांनीही केली, दोनदा वाचून. पुण्याचं तिकीट काढलं.

तू खरं लिहिलंस, तर मीही लिहिते. मलाही भीती वाटते. नऊ महिने वागवलेलं देताना माझा हात आखडला तर? म्हणून रिकाम्या झालेल्या नवव्या जागी मी माझी अट घातली आहे, तिथे तूही सही कर. बाळ जन्मलं की पहिल्यांदा तुझ्याच हातात द्यायचं. मी मागितलं तरी.

माया राहू दे.

लतिका