पावणेदोन इंचांवरचा भाऊ

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (हा तुझ्या वयाला आहे, तुझ्या गेल्या पत्राला नाही.) वहिनींचे गुडघे कसे आहेत? इकडे सगळे बरे आहेत, मी सोडून. माझं डोकं फिरलेलं आहे.

"विमानाने तासाभराचं अंतर, आणि तुला सहा वर्षांत सवड होत नाही," असं तू लिहिलंस. तासाभराचं! मी शिंपी माणूस. माप चुकलेलं मला खपत नाही. गणवेश पोचवायला शाळेत गेलो होतो, तिथे भिंतीवरच्या नकाशाला सरळ टेप लावली. भूगोलाच्या बाई धावत आल्या. म्हणाल्या, "गोल डोक्यावर सपाट कापड बसवलं की ते कुठे ताणतं, कुठे चुण्या पडतात. नकाशाचं तेच आहे. पृथ्वीच्या गोलावर मोजा." गोलावर मोजलं, तर तुझं शहर पावणेदोन इंचांवर निघालं. (शर्टाच्या दोन काजांत याहून जास्त जागा सोडतो मी.) बाईंनी हिशेब मांडला: इंचाला हजारेक किलोमीटर, म्हणजे अठराशेच्या आसपास; विमान तासाला आठशे कापतं; सव्वादोन तास, वर चढण्या-उतरण्याची दहा मिनिटं. तासाभराचं म्हणे!

हे छापील स्वरूपात तुझ्या तोंडावर मारावं म्हणून तिकिटांच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या मुलीने वेळापत्रक पुढे सरकवलं: सुटणार दहा दहाला, पोचणार अकरा पाचला. पंचावन्न मिनिटं! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तुम्ही आणि माझा भाऊ एकमेकांना सामील आहात, इथपर्यंत मी तिला बोललो. रांगेतल्या एका आजोबांनी मला खुर्ची दिली. मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, तिकडचं घड्याळ आपल्यामागे दीड तास आहे. पोचायची वेळ तिकडची असते." म्हणजे तू दोन शहरांची दोन घड्याळं एकमेकांतून वजा केलीस आणि उत्तर माझ्या माथी मारलंस. शाळेतही तुझी वजाबाकी मीच करून द्यायचो, धाकटा असून. त्यात विमानतळापर्यंतची बस आणि तिथलं दोन तासांचं ताटकळणं धर. माझ्या दारापासून तुझ्या दारापर्यंत सात तास होतात. हे सगळं बायकोला तावातावाने ऐकवलं. तिने शिवणाचा दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "मोजून झालं असेल, तर आता निघायचं बघा."

तुझा (नाइलाजाने) धाकटा भाऊ

ता.क. गुरुवारचं तिकीट काढलं आहे. न्यायला येऊ नकोस.

ता.क. दुसरा. काल वहिनींचा फोन आला. शुक्रवारी तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन. मला टोमणे मारायला पानभर जागा सापडली, आणि या एका ओळीला नाही? तुझं पत्र वहिनींच्या अक्षरात का होतं, ते तेव्हा कळलं.

ता.क. तिसरा, फक्त वहिनींना. हे पत्रही तुम्हीच त्याला वाचून दाखवणार. तर एवढं करा, वरचं सगळं गाळा आणि मी येतोय तेवढंच वाचा.