नऊ नावांची वारस नोंद आणि चौकशी अहवालातील एक वाक्य वगळण्याबाबत

दिनांक : २१ एप्रिल २०२५

प्रति,
मा. तहसीलदार,
तहसील कार्यालय, खारकोंड,
जिल्हा रायगड.

विषय : मौजे वालखार येथील मयत रावजी धर्मा कडू यांच्या घराखालील दोन गुंठे जमिनीवर त्यांच्या पत्नी व नऊ मुलांची वारस नोंद होणेबाबत, तसेच मंडळ अधिकारी यांच्या अहवालातील परिच्छेद ४ मधील एक वाक्य काढून टाकणेबाबत.

संदर्भ : १) आमचा अर्ज, दि. ९ डिसेंबर २०२४
२) आपल्या कार्यालयाची त्रुटीपत्रे, दि. १७ जानेवारी व २० फेब्रुवारी २०२५
३) मंडळ अधिकारी यांचा चौकशी अहवाल, दि. २ एप्रिल २०२५

महोदय,

माझे वडील रावजी धर्मा कडू १४ नोव्हेंबर २०२४ रोजी वारले. ते ग्रामपंचायतीकडे गावाचे नळपाणी सोडण्याच्या कामावर एकतीस वर्षे होते. आमचे घर त्या एका पगारावर चालले. घरात आम्ही नऊ भावंडे, आई मैना आणि ते स्वतः, अशी अकरा माणसे होतो. मी त्या नऊ जणांपैकी एक असून एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. कागद जपणे हे माझे काम असल्याने भावंडांनी हा पत्रव्यवहार माझ्याकडे सोपवला आहे.

१. घराचे छप्पर खाली बसले आहे. ते उतरवून पुन्हा चढवण्याची परवानगी वारस नोंद झाल्याशिवाय मिळत नाही, असे ग्रामपंचायतीने कळवले. आई त्याच घरात राहते. म्हणून डिसेंबरमध्ये आम्ही मृत्यूचा दाखला आणि नऊ जणांचे शाळा सोडल्याचे दाखले जोडून अर्ज केला.

२. पहिल्या त्रुटीपत्रात अशी हरकत घेण्यात आली की, नऊही दाखल्यांवर जन्मतारीख १ जून आहे, वर्षे १९७६ ते १९८४ अशी ओळीने आहेत, आणि एका मातेस नऊ वर्षे दर वर्षी त्याच तारखेस मूल होणे निसर्गनियमास धरून नाही. ही हरकत बरोबर आहे. तसे झालेलेही नाही. खरे काय झाले ते मी लेखी दिले होते. ते वाचले गेले नसावे म्हणून पुन्हा लिहिते.

१९८२ च्या पावसाळ्यात माझे काका नामा धर्मा कडू आणि काकू महिन्याच्या अंतराने तापाने गेले. त्यांची मुले आमच्या घरी आली. अंतर एका भिंतीचे होते, त्यामुळे येण्यासाठी काही सामान बांधावे लागले नाही. वडील शाळेत नाव घालायला गेले तेव्हा मुख्याध्यापकांनी विचारले, "रावजी, यातली तुझी कोणती?" वडील म्हणाले, "आता सगलीच माझी. तसाच लिवा." गुरुजींनी तसे लिहिले. वडिलांची दुसरी मागणी अशी होती : "एका इयत्तेत एकच पोर बसवा. बुकांचा जोड एकच हाय."

आमच्याकडच्या शाळांत त्या काळी ज्याची जन्मतारीख माहीत नसे त्याला १ जून मिळत असे. गुरुजींनी आम्हा सर्वांना, ज्याचे नाव ज्या वर्षी घातले त्या वर्षी, तीच दिली आणि जन्मवर्ष असे बसवले की दर वर्षी एकच जण पहिलीत जाईल. कोणी वर्षभर घरी थांबले, कोणी वेळेआधी गेले. मी पाच वर्षांची असताना सहाची झाले. थोरल्या चंदरची पुस्तके शकूकडे, शकूची हर्षदकडे, अशी ती नऊ हातांतून गेली. एका वर्षी अभ्यासक्रम बदलला तेव्हा वडील गुरुजींशी भांडून आले.

म्हणजे ज्या युक्तीने नऊ मुले एका पगारात शिकली, त्याच युक्तीमुळे ती आज आपल्या कार्यालयाला खोटी वाटत आहेत.

३. दुसऱ्या त्रुटीपत्रात "संगोपनाचा पुरावा" मागण्यात आला. तो कोणत्या स्वरूपात हवा हे विचारण्यासाठी मी दोनदा येऊन गेले. पहिल्या वेळी मयताचा १९८२ ते २००० या काळातील उत्पन्नाचा दाखला आणण्यास सांगितले. दुसऱ्या वेळी त्या काळातील किराणा व कपड्यांच्या पावत्या असल्यास जोडाव्यात, असे सांगण्यात आले. किराणा उधार येत असे. कपड्यांसाठी गणपतीआधी उरणच्या बाजारातून एकाच कापडाचा तागा येई, त्यात मुलांचे सदरे, मुलींचे झगे आणि उरल्यास उशांचे अभ्रे होत. पावती कोणी ठेवली नाही.

तिसऱ्या वेळी आम्ही नऊही जण रजा टाकून आपल्या कार्यालयात हजर राहिलो. आम्हीच पुरावा आहोत, असे चंदरने सांगितले. त्यावर माणसे आवक नोंदवहीत घेता येत नाहीत, असे उत्तर मिळाले. संबंधित लिपिक सौजन्याने बोलले. त्यांनी नऊ खुर्च्या मागवल्या, सहा मिळाल्या.

४. मार्चमध्ये मंडळ अधिकारी गावात चौकशीस आले. त्यांनी शेजारच्या नीराबाई यांना विचारले की, या घरात खरोखर नऊ मुले होती हे तुम्ही मोजले होते काय. नीराबाई म्हणाल्या, "साहेब, तुमी मोजायला आलाव का जेवायला? मी सत्तर पावसाले काढले, रावजीच्या घरान पोरां मोजाची गरज नाय पडली. आवाजावरून कलायचा." अहवालात याची नोंद "शेजारी साक्षीदाराने समाधानकारक उत्तर दिले नाही" अशी आहे.

आईला विचारण्यात आले की, पोटची मुले कोणती ते स्वतंत्र रकान्यात सांगा. आई म्हणाली, "मी नव ताटां मांडायची. त्यान रकाने नव्हते." अहवालात : "मयताची पत्नी वयोमानामुळे माहिती देऊ शकली नाही." आईची स्मरणशक्ती उत्तम आहे. तिने मंडळ अधिकाऱ्यांना त्यांच्या आजोळचे आडनाव सांगितले होते.

५. आता मुख्य गोष्ट. अहवालाच्या परिच्छेद ४ मध्ये लिहिले आहे :

"मयताची नोकरी व वेतन विचारात घेता, एवढ्या मुलांचे पालनपोषण त्याने केले असणे संभवनीय वाटत नाही."

महोदय, हे वाक्य मी बऱ्याच वेळा वाचले आहे. मयताचे एकतीस वर्षांचे काम सरकारी कागदावर इतक्या थोड्या शब्दांत दुसरीकडे कुठेही नोंदलेले नाही, आणि जिथे नोंदले तिथे ते झालेच नाही असे म्हटले आहे.

वडील मोठे सोशिक होते असा माझा दावा नाही. ते रागीट होते. एकाला हाक मारायची तर चार नावे चुकवून पाचवे लागत असे, आणि त्या चौघांनाही उठून यावे लागे. "मी काय नव पोटांचा हाय काय," असे म्हणून ते दोनदा घर सोडून गेले. दोन्ही वेळा पहाटे परतले, कारण टाकीच्या व्हॉल्वची चावी त्यांच्या कमरेला होती आणि गावाला पाणी सोडायचे होते. पाणी सोडून झाल्यावर ते घरी चहा प्यायला आले. बांगडा आला तर तुकडे मोजून होत आणि डोके कोणाचे हे पाळीने ठरे. ती पाळी चुकल्याचे भांडण हर्षद आणि शकू यांच्यात अजून मिटलेले नाही. हे सारे संभवनीय नव्हतेच. ते रोज करावे लागे.

अंत्यविधीला अग्नी चंदरने दिला, कारण तो थोरला. सगळा गाव उभा होता. कोणी रकाना विचारला नाही.

६. अहवालानंतर आम्हाला तोंडी सुचवण्यात आले की, औरस अपत्यांची चार नावे प्रतिज्ञापत्रावर द्यावीत, म्हणजे आठ दिवसांत नोंद होईल आणि पावसाआधी छप्परही होईल. सूचना आमच्या सोयीसाठीच होती. दत्तकविधानाचा कागद नसताना पुतण्यांना वारस धरण्यात कायद्याची अडचण आहे, हेही मी वाचून समजून घेतले आहे. म्हणून नऊही जणांचे परस्पर संमतिपत्र सोबत जोडले आहे, आमच्यात वाद नाही. त्या चौघांत मी आहे की पाचांत, हे मी या अर्जात लिहीत नाही.

त्या प्रतिज्ञापत्रात "मयतास याव्यतिरिक्त अन्य अपत्य नाही" असे छापील वाक्य आहे. गेल्या रविवारी आम्ही नऊ जण घरी बसलो. जे चौघे त्यावर सही करू शकतात त्यांनी ती करायचे नाकारले. उरलेल्या पाचांनी, आईच्या छपरासाठी करा, असा आग्रह धरला. चंदर रागावून उठून गेला आणि तासाभराने परत आला. सही झाली नाही.

तरी विनंती अशी :

अ) शालेय दाखले व संमतिपत्र ग्राह्य धरून आई आणि नऊ भावंडे अशी वारस नोंद व्हावी.

आ) ते नियमात बसत नसल्यास कोणाचेही नाव लावू नये. जमीन मयताच्या नावेच राहू द्यावी. त्याचा परिणाम काय होईल हे आईला समजावून सांगितले आहे. ती म्हणाली, "ताडपत्री आना. नव जना चार कोपरे धरतील."

इ) दोन्हीपैकी काहीही झाले तरी परिच्छेद ४ मधील वर उद्धृत केलेले वाक्य अहवालातून काढून टाकावे. विनंती अ फेटाळली गेली तर आम्ही पुन्हा येणार नाही. या विनंतीसाठी येत राहू.

आम्हा नऊ जणांच्या वतीने,
आपली विश्वासू,

(सही)
सुचिता रावजी कडू
मु. वालखार, घर क्र. ११४

सोबत :
१. मृत्यूचा दाखला
२. शाळा सोडल्याचे दाखले, नऊ
३. नऊ भावंडांचे संमतिपत्र, सर्वांच्या सह्यांसह
४. मैना रावजी कडू यांचा जबाब, अंगठ्यासह
५. चार नावांचे प्रतिज्ञापत्र, आपल्या कार्यालयाकडून मिळालेले, कोरे परत