पेजेचा पहिला चमचा

गुनसान
१३ जुलै १९८३

ती. आईस,
ग्योंगरानचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले, उत्तर आज लिहितेय. रागावू नकोस. इथे सासूबाईंनी जेवण टाकलंय. रुसून नव्हे, त्या कुणावर रुसणाऱ्यातल्या नाहीतच. जेवायला येऊन बसतात, चमच्याकडे बघतात, दोन घोट भाताचं पाणी पितात आणि पोट भरलं म्हणून उठतात.

मार्चमध्ये मामंजी गेले तेव्हा मला हीच धास्ती होती. पण शंभर दिवस त्या व्यवस्थित जेवत होत्या गं. सकाळ-संध्याकाळ मामंजींच्या फोटोपुढच्या चौरंगावर ताजा भात आणि रस्सा ठेवायच्या, थोडा वेळ समोर बसायच्या, मग तेच उतरवून घेऊन मुकाट्याने जेवायच्या. एक तारखेला शंभर दिवस भरले. यांनी रीतीप्रमाणे चौरंग उचलला, शोकाचे कपडे जाळले, फोटो भिंतीवर लावला. तेव्हापासून हे सुरू झालं.

डॉक्टर म्हणतात पोटात काही नाही, घशात काही नाही. पण असंच चाललं तर पुढच्या महिन्यात दवाखान्यात ठेवून सलाईन लावावं लागेल, आणि एवढी अशक्त बाई एकदा आडवी पडली की पुन्हा उठेलच असं ते सांगू शकत नाहीत. यांचा जीव टांगणीला लागलाय आणि राग निघतो माझ्यावर. परवा म्हणाले, तुझ्या हाताला चव असती तर आई जेवली असती. अंगणातल्या नळाशी भांडी घासायला बसले आणि नळ मोठा सोडून पोटभर रडले.

लहानपणी ताप आला की तू कोंबडीची पेज करायचीस ती कशी, ते बारकाईने लिहून पाठव. मी करते ती कधी पाणी होते, कधी खळ. माझ्या आईच्या कृतीची म्हणून तरी त्या चार घास खातील.

तुझी माया आहेच, वाढव म्हणते.
तुझी ग्योंगरान

इमसिल
१७ जुलै १९८३

चि. ग्योंगरान हिस आईचे अनेक आशीर्वाद.

जावईबापूंना म्हणावं, पोरीच्या हाताला चव नाही हे मी लग्न ठरतानाच सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही तिच्याकडे बघण्यात गुंग होतात, आता तक्रार ऐकली जाणार नाही. असं हसत हसत सांग हं. मायलेकरांच्या मधे सून कायमच मार खाते, मनावर घेऊ नकोस.

आता पेज. कोंबडी बाजारात समोर कापून घे, लहान बघून. निम्मा साधा, निम्मा चिकट तांदूळ आदल्या दिवशीच भिजत घाल. दुपारी घालून संध्याकाळी शिजवलास की कणी राहते, तुझी चूक तीच. कोंबडी अख्खीच ठेव, मूठभर लसूण आणि पातीचा कांदा घालून मंद आचेवर शिजू दे. वर फेस येईल तो काढत राहा, चरबी मात्र सगळी काढू नकोस. मांस आपसूक हाडापासून सुटायला लागलं की उतरव, बोटांनी रेषेरेषेने सोड. सुरी लावू नकोस, सुरीने चव मरते. मग तांदूळ तिळाच्या तेलात परतून घे, काचेसारखे दिसू लागले की गाळलेलं पाणी थोडं थोडं घाल. लाकडी डावाने ढवळत राहायचं, तळ सोडायचा नाही, शेजारीण आली तरी तिच्याशी गप्पा ढवळत ढवळत मारायच्या. मीठ अगदी शेवटी, आधी टाकलंस की पेज फुटते.

वाढायचं कसं तेही ऐक. त्या आता घरातल्या सर्वांत मोठ्या. त्यांना मामंजींच्या जागी बसव, वेगळं छोटं मेज दे. तंगडीचं मांस वर दिसेल असं घाल, त्यावर भाजलेलं समुद्रशेवाळ चुरून. आणि त्यांनी चमचा उचलेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मान दिला की माणूस जेवतं. एकवीसला पहिला बोक आहे, कडक उन्हाच्या या तिन्ही दिवशी घरोघरी कोंबडी शिजते, तोच मुहूर्त धर.

आठवण ठेवतेस तशी ठेव.
तुझी आई

गुनसान
२३ जुलै १९८३

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

आई, पेज झाली. खरंच झाली. डाव उभा राहील इतकीच घट्ट, तेलाचा वास अंगणापर्यंत. यांनी पातेल्यात डोकावून कबूल केलं की मागचं बोललो ते मागे घेतो. तुझ्या मंत्राचा एवढा तरी उपयोग झाला.

पण सासूबाई जेवल्या नाहीत.

तू सांगितलंस तसंच केलं. मामंजींच्या जागी गादी घातली. तिथे बसायलाच त्या तयार नव्हत्या, यांनी दंडाला धरून बसवलं. वेगळं मेज, मुळ्याचं लोणचं, वर तंगडीचं मांस. मी आणि हे आमच्या मेजाशी हात मांडीवर ठेवून बसलो. त्या वाडग्याकडे बघत राहिल्या. आम्ही त्यांच्याकडे. पेजेवर साय धरली. हे म्हणाले, आई, आता तूच मोठी, तू सुरू केल्याशिवाय आम्ही कसे जेवणार. तर त्यांनी तंगडीचं मांस चमच्याने नव्हे, जेवायच्या काड्यांनी उचलून यांच्या वाडग्यात घातलं आणि पाणी आणते म्हणून स्वयंपाकघरात निघून गेल्या. किती वेळ झाला तरी येईनात. आम्ही दोघं तसेच. शेवटी तिघांचीही पेज तशीच राहिली आणि संध्याकाळी मी ती गरम करून यांना वाढली.

काल सकाळी नळाशी त्यांना चक्कर आली. मी जवळच होते म्हणून सावरलं. उचलताना हाताला नुसती हाडं लागली. हे दुपारी दवाखान्यात खाटेची चौकशी करून आले. दोन तारखेला न्यायचं ठरलंय. आई, माझं काय चुकतंय? मला या बाई सात वर्षांत एक वावगा शब्द बोललेल्या नाहीत. मला त्या जायला नको आहेत.

उत्तर लवकर दे, तेवढाच धीर.
तुझी ग्योंगरान

इमसिल
२६ जुलै १९८३

चि. ग्योंगरान, आशीर्वाद.

तुझं काही चुकलेलं नाही. चुकलं माझं. मान द्या म्हणून शहाणपणा पाजळला आणि त्या बिचारीला अजूनच कोंडीत धरलं. पत्र वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. निदान मला तरी कळायला हवं होतं.

मी तुला कधी सांगितलं नाही ते आज लिहिते. तुझे बाबा गेले तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. तुझी आजी आधीच गेलेली, त्यामुळे घरात मोठी मीच. तुम्ही तिघी बहिणी जेवायला बसायचात आणि चमच्याला हात न लावता माझ्या तोंडाकडे बघायचात, मीच शिकवलेलं ना तसं. आणि माझा हात उठायचा नाही. माहेरी बाबा, मग दादा, सासरी सासरे, मग तुझे बाबा, जन्मभर कुणीतरी आधी चमचा उचलला आणि मग मी. तो पहिला चमचा उचलणं म्हणजे ते माणूस आता येणार नाही असं आपल्याच तोंडाने म्हणणं. मला नाही जमलं. मी तुम्हाला सांगायचे, मी शिजवतानाच खाल्लंय, तुम्ही जेवा. खोटं होतं ते. तुम्ही शाळेत गेलात की पातेल्याला लागलेला करपा भात पाणी घालून सुटा करायचे आणि चुलीपाशी उकिडवी बसून खायचे. दोन वर्षं. आता घरात एकटी आहे, आधी कोण नि मग कोण हा प्रश्नच उरला नाही, म्हणून निभतंय.

तुझ्या सासूबाई शंभर दिवस का जेवत होत्या ते आता कळलं ना? चौरंगावर मामंजी आधी जेवत होते. तुम्ही चौरंग उचलला आणि वर त्यांनाच त्यांच्या जागी नेऊन बसवलंत. तेही माझ्याच सल्ल्याने.

त्यांना मोठं करू नकोस. स्वयंपाकघरात राहू दे. रांधणारीने मीठ बघायला चाखलं तर त्याला कुणी आधी जेवली म्हणत नाही, एवढी एक सवलत आपल्या बायकांना आहे. बाकी तुझं डोकं चालव.

मी लिहिलं ते तुझ्यापाशीच राहू दे. जीव लावतेस, तो असाच लाव.
आई

गुनसान
१ ऑगस्ट १९८३

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. अगं, आम्हाला खरंच वाटायचं तुझं जेवण झालेलं असतं. धाकटी तर म्हणायची की आई चोरून चांगलंचुंगलं खाते. आता आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी यावर जास्त लिहीत नाही, भेटलीस की तुझ्या मांडीवर डोकं ठेवून रडणार आहे, तयारीत राहा.

काल दुसरा बोक होता. यांना मी सकाळीच बजावलं की काही झालं तरी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. पेज शिजत आल्यावर सासूबाईंना हाक मारली, म्हटलं सर्दीने माझी जीभ मेलीय, मीठ बघून द्या. त्यांनी डावावर एवढीशी घेऊन फुंकर मारली, चाखली, म्हणाल्या अळणी आहे. मी चिमूटभर टाकलं. पुन्हा चाखली. म्हणाल्या, बेताने, अजून लागेल, आणि लसूण असा ठेचतात का, आणि आच कुणी एवढी ठेवलीय. डाव माझ्या हातातून काढून घेतला. पाटावर बसल्या, ढवळायला लागल्या. ढवळता ढवळता चाखतायत, चाखता चाखता मला नावं ठेवतायत. मी प्रत्येक शब्दाला मान डोलावत होते. सात वर्षांत त्यांनी मला कधी नावं ठेवली नव्हती, काल सगळी थकबाकी वसूल केली, आणि मला इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू. एका वाडग्याएवढी तरी पेज डावावरूनच पोटात गेली. हे दाराशी आले तेव्हा त्यांनी डावानेच जा म्हणून खूण केली.

उद्याचं दवाखान्याचं रद्द केलंय. डॉक्टरांनी एक आठवडा दिलाय. मेजावर मात्र त्या अजून जेवत नाहीत, मीठ बघण्यावरच चाललंय. आणि आई, एक गुन्हा केलाय. सगळं संपल्यावर त्यांनी मला विचारलं, की हे तुला कुणी शिकवलं. मला खोटं बोलवेना. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. आज सकाळी त्यांनी माझ्याकडून कागद मागून घेतला.

माफ करशील ना? माया उणी होऊ देऊ नकोस.
तुझी ग्योंगरान

गुनसान
४ ऑगस्ट १९८३

विहीणबाईंस सा. न. वि. वि.

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे, सांभाळून घ्या. लग्नानंतर मी कुणाला पत्र लिहिल्याचं आठवत नाही, घरची पत्रं तेच लिहीत. सात वर्षांपूर्वी लग्नात आपण एकमेकींना वाकून नमस्कार केला, त्यानंतर गाठ नाही. विहिणींनी लांबूनच बरं असावं ही आपली रीत, मीही ती पाळली.

तुमचं पत्र सूनबाईने मला वाचून दाखवलं. तिला रागावू नका. वाचताना तीच मधेमधे थांबत होती, मला अर्धं कळलं आणि अर्धं मी आधीच जाणून होते. मला वाटत होतं की हे वेड माझं एकटीचंच आहे. डॉक्टर घशात बॅटरी मारून बघत होता, मुलगा हात जोडत होता, आणि मी कुणाला सांगू की माझा हात उठत नाही? कोण ऐकून घेईल? मुलाला वाटलं असतं मला जगायचं नाही. मला जगायचंय हो. भूक लागते. पेजेचा वास आला की पोटात खड्डा पडतो.

मिठाची युक्ती मला पहिल्या डावालाच कळली. तुमच्या मुलीला सर्दीबिर्दी काही नव्हती, आणि खोटं बोलताना तिचे कान लाल होतात. पण मी चाखत राहिले, कारण कुणीतरी मला वाट करून दिली होती. पोरगी गुणाची आहे. लसूण मात्र ठेचता येत नाही, ते तुम्ही शिकवलं असतंत तर बरं झालं असतं.

आता कामाचं. चुलीपाशी उकिडवी बसून मला म्हातारपण काढायचं नाही. दहा तारखेला शेवटचा बोक आहे. तुम्ही या. रीत बाजूला ठेवा आणि पाच-सहा दिवस राहायलाच या, एकट्या तिथे काय करता? सूनबाईकडून कळलं की तुम्ही घोड्याच्या वर्षी जन्मलेल्या. मी माकडाच्या, तुमच्याहून दोन वर्षांनी लहान. म्हणजे या घरात येताच मोठ्या तुम्ही, आणि पहिला चमचा तुमचा. तुम्हालाही ते जमत नाही हे मी जाणते. नाही जमलं तर नाही. पेज गार झाली तर सूनबाई गरम करेल, पुन्हा गार झाली तर पुन्हा. मुलगा आणि सून उपाशी बसतील थोडा वेळ, तरुण आहेत. आपण दोघी बसून राहू. कधीतरी तुमचा हात उठेल, आणि मी तुमच्यामागून जेवेन, पोटभर.

आणि तुम्ही परत जायला निघाल त्या सकाळी, विहीणबाई, तुम्ही हात मांडीवर ठेवून बसायचं आणि वाट बघायची. त्या दिवशी आधी मी उचलेन.

सकाळच्या गाडीने या, मुलगा स्टेशनवर उभा राहील. नाही म्हणू नका.
तुमची विहीण
ओ ग्युमसुन